खड्डा की अनुस्वार? तीन किलोंवरून पाव किलोवर

वाण्याच्या काट्यावर मी कॅमेऱ्याची बॅग ठेवली तेव्हा शेंगदाणे घ्यायला आलेल्या दोघी जणी थांबून बघायला लागल्या. आकडा आला ३ किलो १६० ग्रॅम. वाणी म्हणाला, "बाई, ह्यात काय विळे-कोयते भरलेत काय?" बॅगेत होता निकॉन डी७२००, त्यावर १८-१४०ची लेन्स, बाजूला ७०-३०० आणि ३५ची छोटी, शिवाय चार्जर, जादा बॅटरी आणि एक जुना पंचा. नुसता कॅमेरा आणि त्यावरची १८-१४० एवढंच सव्वा किलो भरतं. २०१६ साली हौसेनं घेतलेलं हे सगळं सामान मी सात वर्षं खांद्यावरून वाहिलं. मग उजव्या हाताचा अंगठा सुजला. डॉक्टरांनी शिरेवर सूज असल्याचं सांगितलं आणि दोन महिने त्या हातानं काही उचलायचं नाही अशी तंबी दिली. दोन महिने संपले, पण अंगठा काही पूर्वीसारखा झाला नाही.

मी शाळेत इतिहास शिकवत होते. निवृत्तीनंतर कृष्णा-वारणेच्या काठची गावं फिरते आणि देवळाबाहेर, पारावर, उकिरड्याशेजारी पडलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), सतीशिळा, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेले दगड) आणि कुठे शिलालेख असेल तर त्याचे फोटो काढते. सांगलीहून एसटी, पुढे वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी जीप, त्यापुढे पाय. लेख वाचणं माझं काम नाही. ते आमचे एक सर करतात, वय ऐंशीच्या पुढे, घराबाहेर पडत नाहीत. मी फोटो पाठवायचे, त्यांनी भिंगातून बघून वाचायचं. त्यामुळे माझा फोटो सुंदर नसला तरी चालतो. अक्षर मात्र खरं दिसायला हवं.

भाच्याचं म्हणणं, "मावशी, फोननं काढ की. कशाला पायजे कॅमेरा?" त्याचं ऐकून एक हंगाम फोनवर काढला. एका देवळाच्या ओट्यावरचा चार ओळींचा लेख पाठवला, तर सरांचा फोन आला, "बाई, दुसऱ्या ओळीत हा अनुस्वार आहे की दगडाचा खड्डा?" मी फोटो मोठा करून बघितला. फोननं तिथे एक छान, गोल, गुळगुळीत टिंब करून ठेवलं होतं. छिन्नीनं मारलेल्या टिंबाला कडा असते आणि आत उतार असतो. दगड झिजून पडलेला खड्डा वेडावाकडा असतो. फोन काय करतो, की अंधारात पटापट अनेक फोटो काढून एकावर एक रचतो, त्यातला खरखरीतपणा पुसून टाकतो आणि मग कडा पुन्हा कोरून काढतो. माणसाचा चेहरा त्यानं बरा दिसत असेल. बेसॉल्टच्या दगडावर मात्र खड्डा आणि अनुस्वार एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसायला लागतात. मी परत गेले, बोट फिरवून बघितलं. खड्डा होता. तेवढ्यासाठी अर्धा दिवस गेला. फोनमध्येही रॉ, म्हणजे कसलीही सफाई न केलेले कच्चे फोटो काढता येतात हे मला ठाऊक आहे, पण त्यातल्या इवल्याशा सेन्सरला (उजेड टिपणाऱ्या चिपला) देवळातल्या अंधारात फार काही गवसत नाही.

तेव्हा ठरलं की कॅमेरा हवाच, पण सव्वा किलोचा नको.

इथून पुढचे तीन महिने मी काय काय वाचलं ते सगळं सांगत बसत नाही. उमेदवार तीन उरले. कोल्हापुरात कॅमेऱ्याचं दुकान असलेला माझा एक जुना विद्यार्थी आहे (इतिहासात काठावर पास, पण धंद्यात हुशार). त्यानं पहिल्यांदा सोनीचा आरएक्स१००, सातवा अवतार, पुढ्यात ठेवला. "बाई, ह्यात सगळं आहे." खरंच सगळं आहे. २४ ते २०० मिलिमीटरचं झूम, वर खटकन उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी), खाली-वर वळणारा स्क्रीन, वजन ३०२ ग्रॅम. शाळेच्या सहलीबरोबर जाणाऱ्या कोणालाही मी डोळे झाकून हाच सांगेन. अडलं ते सेन्सरवर. एक इंची म्हणतात तो सेन्सर माझ्या जुन्या निकॉनमधल्या सेन्सरच्या साधारण एक तृतीयांश क्षेत्रफळाचा. त्यात झूम वाढवलं की अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, २.८ वरून ४.५ पर्यंत आवळत जातं. उजेडात काही फरक पडत नाही. माझं निम्मं काम सभामंडपाच्या कोपऱ्यात चालतं.

दुसरा फुजीफिल्मचा एक्स१००, नवा सहावा. देखणा! हातात घेतला आणि वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा आठवला. वरच्या चकत्या, खराखुरा काचेचा व्ह्यूफाइंडर, ४० मेगापिक्सेल. पण वजन ५२१ ग्रॅम, खिशात मावत नाही आणि किंमत ऐकून मी स्टुलावर बसले. शिवाय तो मिळत नव्हताच. याच्या आधीचा एक्स१००व्ही टिकटॉकवर इतका गाजला की जगभर त्याची टंचाई झाली आणि नव्यालाही पहिल्यापासून रांग लागली. आपल्याकडे टिकटॉकवर २०२० पासून बंदी आहे, तरी त्याची टंचाई कोल्हापुरापर्यंत बरोबर पोचली.

तिसरा रिकोचा जीआर. हा विद्यार्थ्याच्या दुकानात नव्हता आणि त्यानं तो मला घेऊ नका म्हणूनच सांगितलं. "बाई, झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, स्क्रीन वळत नाही. पैसे कशाचे देताय?" मुद्दा बिनतोड होता. मी घरी येऊन यादी केली. जीआर थ्रीमध्ये निकॉनएवढाच, एपीएस-सी सेन्सर, तोही २४ मेगापिक्सेलचाच. सेन्सर हलवून हाताची थरथर सावरण्याची सोय आहे, ती निकॉनच्या बॉडीत नव्हती. रॉ फाइल थेट डीएनजीमध्ये, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. आणि वजन बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम. त्याचाच भाऊ जीआर थ्री एक्स, २०२१ मध्ये आलेला, २६२ ग्रॅम. पाव किलो आणि वर बारा ग्रॅम.

या दोन भावांत फरक लेन्सचा. साधा जीआर थ्री २८ मिलिमीटरचा आहे, म्हणजे ऐसपैस दिसतं. एक्सची लेन्स ४० मिलिमीटरची. फोटोच्या गप्पांमध्ये बहुतेक जण २८ची बाजू घेतात, रस्त्यावर फिरताना ती छान म्हणून. माझा हिशोब वेगळा आहे. लेखाच्या दगडाचा साधारण एक फूट रुंदीचा तुकडा चौकटीत भरायचा, तर २८नं दगडाच्या अगदी नाकाशी जावं लागतं. मग कॅमेऱ्याची आणि माझ्या डोक्याची सावली अक्षरांवर पडते, आणि कॅमेरा जरा तिरका झाला की एका बाजूची अक्षरं फुगतात, दुसऱ्या बाजूची आक्रसतात. ४०नं हातभर मागे राहून तेवढंच मिळतं. मी एक्स घेतला.

घेतला म्हणजे कसा, तेही सांगते, कारण त्यात मी एकदा तोंडघशी पडता पडता वाचले. ऑनलाइन एका विक्रेत्यानं 'नवा, सीलबंद' म्हणून स्वस्तात देऊ केला होता. बिल मागितल्यावर कळलं की माल परदेशातून सामानात आलेला, वॉरंटी इथे चालणार नाही. नाद सोडला. मग पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांनी वर्षभर वापरलेला, भारतातलं बिल असलेला कॅमेरा काढला होता. स्वारगेटला एसटीतून उतरून समोरच्या अमृततुल्यात बसलो. त्यांना जरा विचित्र वाटलं असेल, पण मी पिशवीतून पांढरा कागद काढला, तो चौकटभर धरून एफ१६ वर, म्हणजे अॅपर्चर अगदी बारीक करून फोटो घेतला आणि स्क्रीनवर मोठा करून कोपरान्‌कोपरा बघितला. सेन्सरवर धूळ बसली असेल तर एफ१६ वर ती काळ्या टिपक्यांसारखी उठून दिसते. लेन्स पुढेमागे सरकणाऱ्या कॅमेऱ्यात धूळ आत शिरण्याचा धोका असतो आणि जीआरच्या घराण्याबद्दल ही तक्रार फार जुनी आहे. कागद स्वच्छ निघाला. वीसेक वेळा चालू-बंद करून लेन्सचा आवाज ऐकला, मागची चकती फिरवली, सगळी बटणं दाबली. चहाचे पैसे मी दिले. निकॉनची बॉडी आणि १८-१४० विकून जे आले, त्याच्या अडीचपट रक्कम गेली. हे स्वस्त प्रकरण नाही. झूम नसलेल्या, दिसायला साबणाच्या वडीएवढ्या कॅमेऱ्याला एवढे पैसे का, हा विद्यार्थ्याचा प्रश्न मला आजही अधूनमधून टोचतो.

तर आता मूळ गोष्ट.

झिजलेला लेख वाचायचा तर उजेड दगडावर समोरून पडून चालत नाही. तो बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून जायला हवा. मग प्रत्येक खाचेत सावली भरते आणि समोरच्या उजेडात कोरा वाटणारा दगड बोलायला लागतो. सकाळी सात-साडेसातला किंवा सूर्य कलल्यावर ऊन हे काम फुकटात करतं, पण दगडाचं तोंड त्या बाजूला असेल तरच. नाहीतर टॉर्च. (काही जण अक्षरांत पीठ किंवा खडू भरतात. कृपा करून भरू नका. पिठाला मुंग्या लागतात, आणि पुढच्या माणसाला तुमच्या बोटानं ठरवलेलंच अक्षर वाचावं लागतं.)

निकॉन होता तेव्हा टॉर्च धरायला दुसरा माणूस लागायचा. ३५ची हलकी लेन्स लावली तरी तो कॅमेरा जवळजवळ किलोभर, दोन्ही हात त्यातच अडकायचे. भाचा येत असे, पण त्याला सुट्टी असेल तेव्हा. टॉर्च धरून तो मोबाईल बघायचा आणि उजेड हळूहळू खाली उतरत जायचा. "अरे, वर धर!" या तीन शब्दांत माझ्या कितीतरी सहली संपल्या. नाहीतर गावातलं एखादं पोर पकडायचं. ते हौसेनं टॉर्च थेट अक्षरांवर मारणार.

जीआर एका हातात मावतो म्हणतात तसा कुठलाही छोटा कॅमेरा मावतो. पण हा एका हातानं चालवताही येतो. पकडीला पुढून रबराचा उंचवटा आहे, अंगठ्याच्या खाली सगळी बटणं, पुढची चकती तर्जनीला. पहिल्याच आठवड्यात मी एका पडक्या देवळाच्या उंबऱ्यासमोर बसले, उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात टॉर्च दगडाच्या कडेला टेकवलेली. फोटो घेतला, टॉर्च दोन बोटं खाली सरकवली, पुन्हा घेतला. मग टॉर्च वरून, मग उजवीकडून हात उलटा घालून. एकाच ओळीचे पाच फोटो, पाच बाजूंच्या उजेडात, दीड मिनिटात. खड्ड्याची सावली आणि अनुस्वाराची सावली उजेड फिरवल्यावर वेगवेगळी हलते, हे मला सात वर्षांत कधी नीट बघायलाच मिळालं नव्हतं, कारण उजेड माझ्या हातात नव्हता. सरांना ते पाच फोटो पाठवले. त्यांनी वाचन सांगायच्या आधी विचारलं, "टॉर्च कोणी धरली होती?"

माझी मांडणी कोणाला उपयोगी पडली तर सांगते. अॅपर्चर एफ५.६, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत, शटर १/३० सेकंदाच्या आसपास. थरथर सावरणारी सोय असल्यामुळे याहून हळू शटरवरही हात चालतो, पण दगड काही पळून जात नाही म्हणून मी प्रत्येकाचे दोन घेते. रॉ बरोबर जेपीईजी ठेवते आणि जेपीईजीला कॅमेऱ्यातलाच जादा कॉन्ट्रास्टचा कृष्णधवल रंग लावते. रॉमध्ये सगळा रंग शाबूत राहतो आणि स्क्रीनवर जागेवरच अक्षर उठून दिसतं, जुन्या लोकांनी शाई लावून घेतलेल्या ठशासारखं. पूर्ण वीरगळाचा फोटो घ्यायचा तर दीड मीटरवर उभं राहावं लागतं, तेव्हा डावा हात दगडापर्यंत पोचत नाही. मग टॉर्च विटेवर ठेवून दगडाला टेकवते. खालच्या चौकटीतली लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरची शिवपूजा, सगळ्यात वर सूर्य-चंद्र, हे एका उजेडात कधीच नीट येत नाही. विटा दोन लागतात.

आणखी एक फायदा झाला, त्याची मी अपेक्षा केली नव्हती. मोठा कॅमेरा काढला की गावात चार माणसं गोळा व्हायची. "जमीन मोजायला आलाय काय?" इथपासून गुप्तधनाच्या संशयापर्यंत सगळं झालंय. एकदा तर सरपंचांच्या घरी चहा घेऊन खुलासा करावा लागला. आता कोणी बघतसुद्धा नाही. एक आजी मात्र जवळ येऊन म्हणाल्या, "डबी छान हाय तुझी. तपकीर हाय व्हय?"

आता जिथे कमी पडतो ते. खिद्रापूरच्या कोपेश्वराला गेले होते, शिलाहारकालीन देऊळ, आमच्या बाजूचं लाडकं. तिथला स्वर्गमंडप म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षाच असते. छताला मधोमध गोल मोकळी जागा, तिच्यातून लख्ख आभाळ, खाली खांबांचं वर्तुळ सावलीत. आभाळ सांभाळून एक्स्पोजर ठेवलं आणि सावलीतले खांब नंतर रॉमधून वर काढले, ते निकॉनइतकेच स्वच्छ निघाले. सेन्सरबद्दल माझी काही शंका राहिली नाही. पण सगळं वर्तुळ चौकटीत? ४०नं ते अशक्य. मागे सरकत सरकत खांबाला पाठ लागली तरी अर्धंच. शेवटी फोन काढला. भाचा होता सोबत, काही बोलला नाही, फक्त हसला. बाहेरच्या भिंतीवर वरच्या थरातली शिल्पंही दूर राहिली. कॅमेऱ्यात ५० आणि ७१ मिलिमीटरची सोय आहे, पण ती म्हणजे फोटोची कापाकापी, २४ मेगापिक्सेलचे १५ आणि मग ७ उरतात. ७०-३००ची आठवण मला तिथे फार आली. यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकातला देवनागरी लेख मात्र ओळ ओळ करून असा आला, की मी तासभर तिथून हलले नाही.

व्ह्यूफाइंडर नसल्याचं दुःख दुपारी बारा ते तीन. भर उन्हात स्क्रीनवर माझाच चेहरा दिसतो. स्क्रीनचा उजेड वाढवता येतो, त्यानं भागतं, छान दिसत नाही. डोळ्याला कॅमेरा लावून एक डोळा मिटण्याची सवय गेली, तिची जागा अजून कशानं भरलेली नाही. जमिनीलगतच्या लेखासाठी स्क्रीन वळत नाही, त्यामुळे पोतं टाकून आडवं व्हावं लागतं. फोनला जोडून फोनवर चित्र बघता येतं. दोनदा करून बघितलं. तिसरा हात नसल्यानं पोतंच बरं.

बॅटरी छोटी आहे. कंपनीच दोनशे फोटोंचा हिशोब देते आणि माझा अनुभवही तोच. पण यूएसबी-सीनं चार्ज होतो, म्हणजे फोनचीच वायर आणि पॉवर बँक चालते. तरी दोन जादा बॅटऱ्या घेतल्या. पाऊस-धुळीपासून संरक्षण काहीही नाही. जून ते सप्टेंबर तो सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात असतो. एरवी आईच्या जुन्या नऊवारीच्या काठाचा बटवा शिवलाय, त्यात. वडापमधून उतरल्यावर पदरानं तोंड पुसते आणि मगच बटवा उघडते. अंधारात फोकस कधी कधी पुढेमागे शोधत राहतो. टॉर्च असली की त्याला धरायला कडा सापडते, नसली तर स्नॅप फोकसला (ठरवलेल्या अंतरावर फोकस बांधून ठेवायची सोय) एक मीटर अंतर लावून मी पावलानं मोजते.

पक्षी, नातवंडांचं गॅदरिंग, लग्न, यातलं काहीही करायचं असेल तर हा घेऊ नका. माझ्या बहिणीनं विचारलं, तिला मी सोनीच सांगितला, आणि ती खूश आहे. ज्याला एकच कॅमेरा परवडतो आणि त्यातच सगळं हवंय, त्यानं विद्यार्थ्याचं ऐकावं.

परवा सगळं सामान घेऊन पुन्हा वाण्याकडे गेले. बटवा, कॅमेरा, दोन बॅटऱ्या, टॉर्च. त्यालाच उत्सुकता होती, एकेक वस्तू वेगळी ठेवून बघितली. टॉर्च कॅमेऱ्यापेक्षा जड भरली. आता हलकी टॉर्च शोधतेय, पण उजेड पिवळसर नको आणि मध्ये काळा गोल पडायला नको. कोणाच्या पाहण्यात असेल तर सांगा.